मासे हलके, पाणी जड
घरातली फिश टँक ज्या स्टँडवर उभी असते, त्याचे साधे विज्ञान

रविवारी संध्याकाळच्या टिटवाळा लोकलमध्ये हमखास एक दृश्य दिसते. एखाद्याच्या हातात हवा भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी असते, आत चार-सहा रंगीत मासे फिरत असतात आणि शेजारी बसलेले लहान मूल डोळे विस्फारून त्यांच्याकडे पाहत असते. कुर्ल्याच्या नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून निघालेली ही पिशवी शहाडच्या पुढे आंबिवलीला उतरते आणि रिक्षाने घरी पोहोचते. माशांची जात, त्यांचे खाणे, पाणी कधी बदलायचे याची चौकशी दुकानातच झालेली असते. टाकी कशावर ठेवायची हा प्रश्न मात्र घरी आल्यावर सुचतो. मग जुना टीव्ही स्टँड, चपलांचे कपाट, स्वयंपाकघरातले टेबल किंवा कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून घाईत करून घेतलेली लोखंडी चौकट, यांपैकी जे हाताशी असेल त्यावर टाकी चढते.

मासे पाळण्याचा छंद मनाला शांत करतो, हा केवळ समज नाही. इंग्लंडमधील प्लिमथ येथील राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या टाकीसमोर काही मिनिटे थांबलेल्या लोकांचे रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी झालेले दिसले. पण हीच टाकी घरातल्या सर्वांत जड वस्तूंपैकी एक असते. ती काचेची असते, पाण्याने भरलेली असते आणि तिच्याभोवती विजेच्या वायरी असतात. ती कोसळली तर समोर खेळणाऱ्या मुलाला इजा होऊ शकते, ओल्या फरशीवर विजेचा धक्का बसू शकतो आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून पाणी गळू शकते. म्हणूनच स्टँडचा विचार माशांच्या आधी व्हायला हवा.

पाण्याचा हिशेब

मासे विकत घेताना टाकीचे माप फुटांत सांगितले जाते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही दिवाणखान्यात शोभणारी मध्यम टाकी. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वर दोन इंच जागा सोडून ही टाकी भरली तर तिच्यात साधारण १६५ किलो पाणी मावते. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन सुमारे ३३ किलो. तळाची वाळू आणि दगड आणखी पंचवीसेक किलो. स्टँड, झाकण आणि फिल्टर मिळून तेवढेच. बेरीज जवळपास २५० किलो होते. म्हणजे चार मोठी माणसे साडेचार चौरस फुटांत दाटीने उभी आहेत आणि पुढची दहा वर्षे तिथून हलणार नाहीत, असे समजायला हरकत नाही.

यातला ‘हलणार नाहीत’ हा भाग महत्त्वाचा आहे. घरात पाहुणे येतात आणि जातात, त्यामुळे जमिनीवरचा भार वाढतो आणि कमी होतो. टाकीचा भार मात्र रात्रंदिवस तसाच राहतो. सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकते, प्लायवूडची फळी पोट काढते, काँक्रीटही फार संथपणे का होईना पण झुकते. पहिल्या दिवशी सरळ दिसणारी फळी वर्षभराने सरळ असेलच असे नाही.

घराचा स्लॅब काय म्हणतो?

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या घरांच्या खोल्यांसाठी माणसे आणि सामानसुमान यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरण्यास सांगितले आहे. वरच्या टाकीचे २५० किलो वजन अर्ध्याहूनही कमी चौरस मीटर जागेवर उभे असते. दर चौरस मीटरच्या हिशेबाने ते ६०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे मानकाच्या तिप्पट. हा आकडा पाहून घाबरून जायचे कारण नाही. स्लॅब हा एकसंध असतो आणि एका जागी आलेला भार तो आजूबाजूला वाटून घेतो. दहा बाय बाराच्या खोलीसाठी मानकाप्रमाणे धरलेला एकूण भार सव्वादोन हजार किलोच्या घरात जातो. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या आरसीसी इमारतीत अशी एक टाकी भिंतीलगत ठेवणे सहसा अडचणीचे नसते.

‘भिंतीलगत’ या शब्दात मात्र सगळे सार आहे. स्लॅब कडेला तुळईवर टेकलेला असतो आणि मधोमध तो सर्वांत जास्त वाकतो. त्यामुळे टाकीची जागा खोलीच्या मध्यापासून दूर, तुळईवरच्या भिंतीजवळ असावी. टाकीची लांब बाजू भिंतीला समांतर असली की जास्तीत जास्त भार तुळईच्या जवळ राहतो. बाल्कनी बहुधा एकाच बाजूने धरलेली असते, शिवाय तिथे ऊन येऊन पाणी तापते आणि शेवाळ माजते, म्हणून ती जागा टाळलेली बरी. जुन्या चाळीतला पोटमाळा तर या कामासाठी नाहीच.

आंबिवली-मोहोने परिसरात घरांचे सगळे प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. कापडाचे धागे बनवणाऱ्या एनआरसी कंपनीच्या भरभराटीच्या काळात उभ्या राहिलेल्या वसाहती आहेत, कंपनी २००९ मध्ये बंद पडल्यानंतरही वाढत गेलेल्या चाळी आहेत आणि नव्या उंच इमारतीही आहेत. तळमजल्यावरच्या चाळीत स्लॅबची काळजी नसते, पण शहाबादी लादीखालची माती दबलेली असू शकते. लादीवर नाण्याने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर त्या जागी पाय ठेवू नये. वरच्या मजल्यांबाबत इमारतीचे वय पाहणे आवश्यक आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत वरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळत गेला आणि सहा जणांचा जीव गेला. त्या वेळी वरच्या घरात लादी बसवण्याचे काम सुरू होते. त्या दुर्घटनेशी फिश टँकचा काही संबंध नव्हता, परंतु थकलेल्या स्लॅबवर नवा भार टाकण्याआधी विचारणा का करावी, हे त्यातून कळते. छताला भेगा, गंजून बाहेर आलेली सळई, पडणारे पोपडे किंवा ओल दिसत असेल, तर दोनशे-अडीचशे किलोची टाकी आणण्याआधी इंजिनीअरला दाखवावे.

मोठ्या मत्स्यालयांनाही इमारतीची चिंता चुकत नाही. मरिन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत ते पाहिले. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते झळाळून उघडले, पण पुढे इमारतच धोकादायक ठरल्यामुळे त्याला टाळे लागले.

‘यावर हत्ती उभा करा!’

स्टँड बनवून देणारा फॅब्रिकेटर छातीठोकपणे सांगतो, ‘दादा, यावर हत्ती उभा केला तरी काही होणार नाही.’ तो खोटे बोलत नसतो. चार पायांवर २५० किलो वाटले तर प्रत्येक पायावर साठ-सत्तर किलो येतात. सरळ उभ्या असलेल्या लोखंडी अँगलला हा भार किरकोळ आहे. पण हत्तीचे उदाहरण इथे चुकीचे पडते, कारण हत्तीचे पाय काचेचे नसतात. स्टँड मोडून टाकी पडली, असे क्वचितच होते. स्टँड थोडा वाकतो, थोडा पिळवटतो किंवा थोडा डोलतो आणि त्याच्या आधी काच हार मानते. म्हणून स्टँड किती वजन पेलतो याच्या बरोबरीने तीन प्रश्न विचारायला हवेत. तो वाकतो का? तो डोलतो का? आणि त्याचा माथा सपाट आहे का?

पहिला प्रश्न वाकण्याचा. शाळेतली फूटपट्टी आडवी धरून मध्यभागी दाबली तर ती सहज वाकते. तीच पट्टी कडेवर उभी धरली तर दाबून बोटे दुखतात, पण पट्टी वाकत नाही. भार सोसणाऱ्या पट्टीची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठ पट होतो. उलट, दोन पायांमधले अंतर दुप्पट केले तर तेवढ्याच दाटीच्या भाराखाली वाक सोळा पट होतो. स्टँड बनवणाऱ्याने हे दोन नियम ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले. दोन फुटांच्या टाकीसाठी चाललेला अँगल चार फुटांच्या टाकीखाली तसाच लांब करून चालत नाही. एक तर अँगल अधिक उंचीचा घ्यावा लागतो किंवा मध्ये आणखी दोन पाय द्यावे लागतात. लाकडी स्टँडमध्ये नुसती जाड फळी टाकण्यापेक्षा तिच्याखाली कडेवर उभ्या पट्ट्या बसवणे जास्त उपयोगाचे असते.

दुसरी बाब भार कोणत्या वाटेने जमिनीकडे जातो ही. टाकीच्या कडा थेट चौकटीवर, चौकट थेट पायांवर आणि पाय थेट जमिनीवर, अशी सरळ वाट हवी. चौकट पायांच्या डोक्यावर बसवलेली असली तर भार लोखंडावर लोखंड टेकून खाली उतरतो आणि वेल्डिंगचे काम फक्त जागा धरून ठेवण्याचे राहते. चौकट पायांच्या कडेला चिकटवली तर सगळे वजन वेल्डिंगच्या त्या चार ठिपक्यांवर लटकते. सुताराच्या कामातही तेच. फळी स्क्रूवर टांगलेली नको, उभ्या बाजूवर टेकलेली हवी. टीव्हीचे स्टँड आणि पुस्तकांची कपाटे टाकीखाली दगा देतात ती याच कारणाने. त्यांच्या फळ्या बहुधा छोट्या खुंट्यांवर किंवा स्क्रूवर बसलेल्या असतात.

जमिनीवर टेकतानाही एक काळजी घ्यावी. इंचभर कडांचा अँगल थेट लादीवर उभा केला तर सगळा भार जेमतेम दीड चौरस सेंटिमीटरवर येतो. टोकदार टाचेच्या चपलेसारखा तो लादीत घुसतो. प्रत्येक पायाखाली चार इंच चौरस लोखंडी पट्टी वेल्ड करून तिच्याखाली रबर ठेवले, तर तोच भार सत्तर पट जागेवर पसरतो आणि लादी वाचते.

चौकोन डोलतो, त्रिकोण नाही

चार काड्या टोकांना बांधून चौकोन केला आणि वरची काडी बाजूला ढकलली, तर चौकोन लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही ढकलला तरी आकार सोडत नाही. गणपतीच्या मांडवाला तिरपे बांबू असतात आणि विजेच्या मनोऱ्यांची चौकट तिरप्या पट्ट्यांनी विणलेली असते ती याच कारणासाठी. फिश टँकच्या अनेक स्टँडमध्ये नेमकी हीच तिरपी पट्टी नसते, कारण खाली फिल्टर, खाद्याचे डबे आणि बादली ठेवायला मोकळी जागा हवी असते. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूला एक आणि दोन्ही बाजूंना एकेक तिरपी पट्टी द्यावी किंवा मागे पूर्ण प्लायवूड ठोकावे. पुढची बाजू मोकळी राहते आणि स्टँड जागचा हलत नाही. पुढच्या कोपऱ्यांत छोटे त्रिकोणी तुकडे जोडले तर आणखी चांगले.

डोलण्याला पाणी साथ देते. तीन फूट लांबीच्या टाकीतले पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत यायला साधारण एक सेकंद घेते. झोपाळ्याला जसा वेळेवर दिलेला छोटा धक्का मोठा झोका देतो, तसे स्टँडला त्याच लयीत दोन-चार वेळा हलवले की पाणी हेलकावे खाऊ लागते आणि प्रत्येक हेलकाव्यात एका कडेचा भार वाढतो. मुले खेळता खेळता स्टँडला टेकतात, झाडू मारताना धक्का लागतो. स्टँड घट्ट असेल तर हे धक्के तिथेच विरतात. रुळांजवळच्या घरांत गाड्यांच्या ये-जा करण्याने होणारे कंपन तसे लहान असते, मात्र नटबोल्टचे स्टँड असेल तर ते हळूहळू सैल होऊ शकतात. स्प्रिंग वॉशर घालावेत आणि वर्षातून एकदा पान्याने कसून पाहावे.

छोटी टाकी, मोठा धोका

मोठी टाकी धोकादायक आणि छोटी सुरक्षित, असे कुणालाही वाटेल. पालथे पडण्याच्या बाबतीत ते खरे नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी छोटी टाकी अडीच फुटांच्या तेवढ्याच अरुंद स्टँडवर ठेवली, तर सगळे मिळून वजन सत्तरेक किलो होते. ती पुढे पाडण्यासाठी वरच्या काठाला किती जोर लावावा लागेल? वजनाला निम्म्या रुंदीने गुणायचे आणि एकूण उंचीने भागायचे. सत्तर गुणिले पंधरा सेंटिमीटर, भागिले एकशे पाच सेंटिमीटर. उत्तर येते फक्त दहा किलो. चार वर्षांचे मूल मासे बघण्यासाठी काठाला धरून लटकले, तर एवढा जोर सहज लागतो. टाकी थोडी कलली की पाणी पुढे सरकते आणि उरलेले काम तेच करते. वरच्या अडीचशे किलोच्या टाकीसाठी तेच गणित ४८ किलोंच्या आसपास येते.

म्हणून छोट्या टाकीचा स्टँड टाकीपेक्षा रुंद असावा, उंची कमी ठेवावी आणि वरच्या चौकटीला दोन एल-पट्ट्या लावून त्या भिंतीत खिळवाव्यात. भिंतीला धरलेल्या या दोन पट्ट्यांचा खर्च टाकीतल्या एखाद्या माशापेक्षाही कमी असतो. लहान मुलांच्या घरात त्या लावल्याशिवाय टाकी भरूच नये. मुलांना मासे नीट दिसावेत म्हणून समोर ठेवलेले स्टूलही काढून टाकावे, कारण स्टुलावर चढलेले मूल आधारासाठी टाकीचाच काठ धरते.

एका पायाखाली पुठ्ठा

घरातली जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. मोरीकडे उतार दिलेला असतो, लादीला लादी वर-खाली असते. चार पायांपैकी एक पाय दोन मिलिमीटर आखूड असेल तर स्टँड रिकामा असताना डुगडुगतो. टाकी भरल्यावर डुगडुगणे थांबते आणि मालकाला वाटते, बसली एकदाची. प्रत्यक्षात चौकट पिळवटून तो चौथा पाय जमिनीला टेकलेला असतो आणि तोच पीळ टाकीच्या तळाच्या काचेत उतरलेला असतो. काच दाब उत्तम सोसते, पीळ मात्र तिला सोसत नाही. कधी त्याच दिवशी, कधी सहा महिन्यांनी कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड सुटतो किंवा तळाला तिरपी चीर जाते.

हा पीळ ओळखण्याची जुनी युक्ती आहे. स्टँडच्या माथ्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधावेत. माथा सपाट असेल तर दोन्ही दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम शिवतात. त्यांच्यात फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर चौकट पिळलेली आहे. दोऱ्यांची वर-खालची जागा बदलून पुन्हा पाहावे म्हणजे शंका राहत नाही. त्यानंतर पाणसळ, म्हणजे मिस्त्रीची लेव्हल, लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांना ठेवून पाहावी. पाणसळ नसेल तर गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीही तेच सांगते.

उंची जुळवायची ती स्टँडच्या पायाखाली, टाकीच्या तळाखाली कधीच नाही. त्यासाठी कडक प्लास्टिकचे तुकडे किंवा फिरवून उंची बदलता येणारे नायलॉनचे पाय वापरावेत. पुठ्ठ्याची घडी पहिल्याच सांडलेल्या पाण्यात भिजून बसते. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये अर्धा इंच जाडीची थर्माकोलची शीट घालण्याची पद्धत योग्य आहे. वाळूचा कण किंवा वेल्डिंगचा टवका काचेखाली आला तर सगळा भार त्या टोकावर येतो आणि काच तिथून तडकते. थर्माकोल तो कण आपल्या पोटात घेतो. पिळलेली चौकट मात्र थर्माकोल सरळ करू शकत नाही. आणखी एक अपवाद आहे. ज्या तयार टाक्यांना खाली प्लास्टिकची चौकट असते, त्यांचा तळ मुद्दाम अधांतरी ठेवलेला असतो. त्यांच्याखाली थर्माकोल घातला तर भार नको तिथे येतो, म्हणून अशा टाक्या नुसत्या सपाट पृष्ठभागावरच ठेवायच्या.

टाकीच्या उभ्या काचांचे गणितही उंचीवरच अवलंबून असते. चाळीस सेंटिमीटर पाणी तीन फुटांच्या समोरच्या काचेला सुमारे ७३ किलोच्या जोराने बाहेर ढकलत असते. पाण्याची उंची दुप्पट केली तर हा जोर चौपट होतो. म्हणूनच उंच टाकीला जाड काच लागते आणि तिच्या स्टँडला थोडाही कल चालत नाही, कारण कल झाला की खालच्या बाजूला पाणी खोल होते.

चार महिन्यांचा पावसाळा

कोकणपट्टीच्या हवेत स्टँडला दोन शत्रू असतात. लोखंडाला गंज आणि लाकडाला ओल. टाकीतून रोज पाण्याची वाफ होते, पाणी बदलताना थेंब पडतात आणि जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ ही भुशापासून बनवलेली पाने ओल धरली की फुगतात आणि त्यांतले स्क्रू सुटतात. तयार फर्निचरमध्ये बहुधा हेच असते आणि वरचा चकचकीत थर ते लपवून ठेवतो. लाकडाचा स्टँड करायचा तर भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवूड घ्यावे आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा पॉलिशने बंद कराव्यात. लोखंडी स्टँडला वेल्डिंगच्या जागी पत्री घासून रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत, मग रंग. चौकोनी पाइपची तोंडे उघडी ठेवू नयेत. पाणी आत साठते आणि पाइप आतून सडतो, बाहेरून मात्र तो नवाकोरा दिसतो.

एकावर एक टाक्या

छंद वाढला की एका टाकीच्या तीन होतात आणि मग रॅकचा विचार सुरू होतो. गप्पी किंवा फायटरची पैदास करून विकणारे हौशी लोक उपनगरांत घरातल्या घरात हे करतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनालाही साहाय्य मिळते. अशा ठिकाणी किराणा दुकानातले भोकांच्या अँगलचे रॅक सर्रास वापरले जातात. ते हलक्या खोक्यांसाठी बनवलेले असतात. त्यांच्या पत्र्याच्या फळ्या मधोमध पोट काढतात आणि काचेच्या तळाला सपाट आधार मिळत नाही. प्रत्येक फळीखाली लांबीच्या दिशेने दोन अँगल आणि वर प्लायवूड असा थर द्यावा लागतो. तिन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या आणि भिंतीला पकड हवीच. तीन थरांच्या रॅकमध्ये जमिनीवर एका टाकीच्या जागेत तीन टाक्यांचा भार येतो, तेव्हा स्लॅबचा हिशेब पुन्हा करावा. पाणी भरताना नेहमी खालच्या थरापासून सुरुवात करावी आणि रिकामे करताना वरच्या थरापासून. वरची भरलेली आणि खालची रिकामी अशी स्थिती एका संध्याकाळपुरतीही ठेवू नये.

पाणी आणि वीज

हीटर, फिल्टर आणि दिवा यांच्या वायरी पाण्यातून बाहेर येतात आणि वायरीवरून ओघळणारा थेंब सरळ सॉकेटमध्ये शिरू शकतो. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे थेंब त्या लोंबत्या ठिकाणी गळून पडतो. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या खालच्या कप्प्यात ठेवण्याची सवय सर्वांत वाईट. तो टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीपेक्षा वर भिंतीवर असावा. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवलेला असावा, लोखंडी स्टँडला अर्थिंग जोडलेले असावे आणि पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करून प्लग काढावा. उल्हास नदीकाठच्या वस्त्यांनी २६ जुलै २००५ चा आणि जुलै २०१९ चा पूर पाहिला आहे. तळमजल्यावरच्या घरात सॉकेट उंचावर असण्याचे महत्त्व त्यांना वेगळे सांगायला नको.

मासे सर्वांत शेवटी

नवा स्टँड आला की त्यावर लगेच टाकी ठेवू नये. आधी सिमेंटच्या किंवा तांदळाच्या गोण्या मोजून टाकीइतकेच वजन एक दिवस ठेवावे. दुसऱ्या दिवशी दोरे आणि पाणसळ लावून पुन्हा पाहावे. मग रिकामी टाकी ठेवून पाणी टप्प्याटप्प्याने भरावे. पाव, मग अर्धी, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याला पाण्याची पातळी चारही कोपऱ्यांत काठापासून मोजावी. टाकीतले पाणी हीच सर्वांत मोठी पाणसळ असते. एका कोपऱ्यात तीन-चार मिलिमीटरचा फरक दिसला तरी पाणी काढून स्टँडचे पाय जुळवावेत. भरलेली टाकी ढकलून किंवा उचलून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. त्यात काचही जाते आणि उचलणाऱ्याची कंबरही. सगळे जुळल्यावर दोन दिवस नुसते पाणी राहू द्यावे.

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातील ॲक्वाडोम ही प्रचंड मत्स्यटाकी फुटली. दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत वाहत गेले आणि सुमारे दीड हजार मासे त्यात होते. पहाटेची वेळ असल्याने लॉबीत वर्दळ नव्हती, म्हणून दोन जणांच्या जखमांवर निभावले. एवढ्या मोठ्या कामाचाही नेमका एकच दोष तपासात ठामपणे सांगता आला नाही. घरातल्या टाकीचे तसे नाही. तिचा स्टँड नजरेसमोर असतो आणि तो तपासायला दोन दोरे, एक पाणसळ आणि अर्धा तास पुरतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘यावर हत्ती उभा करा’ असे कुणी म्हटले, तर स्टँडचा वरचा कोपरा धरून आडवा हलवून पाहावा. तो हलला तर तिरप्या पट्ट्या मारून आणण्यासाठी त्याला तिथूनच परत पाठवावे. पिशवीतले मासे तोवर दुकानातच राहिले तर त्यांचे काही बिघडत नाही.